पाऊस बातम्या ऐकत नाही, कांदा ऐकतो: हार्ड आणि सॉफ्ट सायन्सविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीचा निकाल लागला की घराघरात एक वाक्य ऐकू येतं: ‘टक्के चांगले आहेत, सायन्सच घे.’ त्या ‘च’मध्ये ज्ञानाची अख्खी उतरंड दडलेली आहे. वर भौतिकशास्त्र, खाली समाजशास्त्र, आणि मध्ये कुठेतरी लोंबकळणारं मानसशास्त्र. ही उतरंड कितपत खरी, याबद्दल मला जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले जातात ते इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, काहींना दोन ओळी पुरल्या.

हार्ड सायन्स आणि सॉफ्ट सायन्स म्हणजे काय?

ढोबळ वाटणी अशी: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, खगोलशास्त्र हे हार्ड, मानसशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मानववंशशास्त्र हे सॉफ्ट. जीवशास्त्राला बहुधा हार्डच्या पंगतीत बसवतात, पण जंगलात परिसंस्थांचा अभ्यास करणारे तिथे जरा अवघडूनच बसलेले असतात. अर्थशास्त्र स्वतःला एका पंगतीतलं समजतं आणि बाकीचे त्याला दुसऱ्या.

अधिकृत यादी कुठेही नाही. लोक मनात चार गोष्टी धरून वाटणी करतात. अभ्यासाची वस्तू नेमकी मोजता येते का? बाकीच्या भानगडींपासून ती वेगळी काढता येते का? प्रयोग दुसऱ्यानं केला तर तेच उत्तर येतं का? आणि त्या विषयातल्या जाणकारांचं निदान मूलभूत गोष्टींवर तरी एकमत असतं का? चारही उत्तरं ‘हो’ आली की हार्ड. घोळ असा की एकाच विषयातल्या दोन प्रश्नांना ही कसोटी लावली तरी उत्तरं वेगवेगळी येतात. पुढची बरीच चर्चा त्या घोळाचीच आहे.

मराठीत याला काय म्हणायचं?

रुळलेला शब्द नाही, आणि मला त्याचं फारसं दुःख नाही. ‘कठीण विज्ञान’ म्हटलं तर समजायला अवघड असा अर्थ होतो, ‘कठोर’ म्हटलं तर निर्दय, आणि ‘टणक’ म्हटलं तर सुपारी आठवते. ‘मृदू विज्ञान’ वाचून तर गाद्या-उशांचं दुकान डोळ्यांसमोर येतं.

आपल्याकडे भौतिकशास्त्र, समाजशास्त्र, व्याकरणशास्त्र आणि पाकशास्त्र एकाच पंगतीला जेवतात. शास्त्र म्हणजे शिस्तीनं मांडलेली विद्या, मग ती ताऱ्यांची असो की पुरणपोळीची. जर्मन भाषेतही साधारण असाच सर्वसमावेशक शब्द आहे. इंग्रजीतला ‘सायन्स’ मात्र एकोणिसाव्या शतकात आक्रसत आक्रसत निसर्गविज्ञानापुरता उरला, आणि आपल्या कॉलेजांत ‘विज्ञान शाखा’ हे नाव आलं ते त्याच आक्रसलेल्या अर्थानं. समाजशास्त्राच्या नावात ‘शास्त्र’ असूनही ते कला शाखेत कसं गेलं, हे त्यावरून कळेल. पुढे मी हार्ड आणि सॉफ्ट हेच शब्द वापरतो. बोलताना लोकही तेच वापरतात.

ही उतरंड रचली कोणी?

श्रेय बहुतेकदा फ्रेंच विचारवंत ऑग्युस्त कोंत यांना देतात. १८३० ते १८४२ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व्याख्यानमालेत विज्ञानांचा क्रम आहे: गणित, खगोलशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि शेवटी समाजशास्त्र. प्रत्येक पुढचं शास्त्र आधीच्यावर उभं राहतं आणि त्याच्यापेक्षा गुंतागुंतीचं असतं, असं त्यांचं म्हणणं.

गंमत अशी की कोंत यांच्या लेखी समाजशास्त्र हा उतरंडीचा तळ नव्हता, कळस होता. सगळ्यात गुंतागुंतीचं म्हणून सगळ्यात उशिरा पिकणारं. त्याला आधी ते ‘सामाजिक भौतिकी’ म्हणत. नंतर ‘सोशिऑलॉजी’ हे नाव त्यांनीच रूढ केलं. आज तीच शिडी दाखवून समाजशास्त्राला हिणवतात, म्हणजे शिडी उलटी धरली आहे.

जाता जाता: तारे कशाचे बनले आहेत हे माणसाला कधीच कळणार नाही, असंही कोंत यांनी लिहून ठेवलं होतं. १८५७ मध्ये ते वारले आणि १८५९ मध्ये किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी प्रकाशाच्या वर्णपटावरून मूलद्रव्यं ओळखायची रीत शोधली. विज्ञानाला काय कधीच जमणार नाही हे सांगताना जरा जपून राहावं.

मग खरा फरक कशात आहे?

मला तीन गोष्टींत दिसतो.

पहिली, सारखेपणा. पुण्यातला इलेक्ट्रॉन आणि टोकियोतला इलेक्ट्रॉन यांच्यात काडीचा फरक नसतो. एकाचा अभ्यास केला की सगळ्यांचा झाला. माणसांचं तसं नाही. एका वर्गातली दोन मुलं सारखी नसतात, आणि एकच मूल सोमवारी सकाळी आणि शनिवारी दुपारी सारखं नसतं.

दुसरी, वेगळं काढता येणं. लंबकाचा प्रयोग करताना दोरीची लांबी बदला, गोळ्याचं वजन तेच ठेवा, पंखा बंद करा. झालं. गरिबीचा शिक्षणावर काय परिणाम होतो हे बघायचं असेल तर मुलाच्या आयुष्यातला कोणता पंखा बंद करणार? गरिबीबरोबर आजारपण येतं, स्थलांतर येतं, मोठ्या बहिणीनं धाकट्याला सांभाळणं येतं. सगळं एकमेकांत गुंतलेलं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: ज्याचा अभ्यास करतोय ते आपलं ऐकतं का? कांद्याचं उदाहरण घ्या. लासलगावात एका वर्षी भाव चढले की पुढच्या हंगामात लागवड वाढते, माल एकदम बाजारात येतो आणि भाव कोसळतात. मग लोक कांद्याचा नाद सोडतात, आणि भाव पुन्हा चढतात. अर्थशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात या चक्राची आकृती काढली. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, म्हणून नावही तेच पडलं.

आता समजा कुणी अगदी शास्त्रशुद्ध पद्धतीनं भाकीत केलं की पुढच्या मार्चमध्ये भाव पडणार. शेतकऱ्यांनी ते ऐकलं, निम्म्यांनी लागवड टाळली आणि भाव पडलेच नाहीत. भाकीत चुकलं की भाकितामुळे चुकलं? त्यात दिल्लीही ऐकत असते. २०२३ मध्ये ऑगस्टला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क आलं, डिसेंबरला थेट निर्यातबंदी. हे कोणत्या समीकरणात घालायचं? उलट, हवामान खात्यानं ‘पाऊस सरासरीपेक्षा कमी’ असं म्हटलं म्हणून ढग इरेला पेटून जास्त बरसत नाहीत. पाऊस बातम्या ऐकत नाही, कांदा ऐकतो. म्हणजे अर्थात कांदा पिकवणारा, साठवणारा आणि त्यावर कर लावणारा ऐकतो.

कॅनडाचे तत्त्वज्ञ इयन हॅकिंग यांनी हीच गोष्ट माणसांच्या वर्गीकरणाबाबत दाखवली. एखाद्याला अमुक मानसिक विकाराचं नाव चिकटवलं की तो माणूस त्या नावाशी जुळवून घेऊन किंवा झगडून वागायला लागतो, आणि वर्गीकरण ज्याच्यावर बेतलं होतं तो माणूसच बदलतो. अणूच्या पोटातल्या क्वार्क नावाच्या कणाला आपण क्वार्क म्हणतो हे त्याला माहीत नसतं.

मोजमाप जास्त तितकं विज्ञान पक्कं, असं नाही का?

सगळ्यात जास्त फसवणारा समज हाच. याचं आपल्या घरचं उदाहरण आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हर्बर्ट रिस्ले या ब्रिटिश अधिकाऱ्यानं बंगालमधल्या जातींची मोजमापं जमवली. डोक्याची लांबी-रुंदी, नाकाची लांबी-रुंदी. त्यावरून त्यानं नियमच मांडला: जातीचा सामाजिक दर्जा तिच्या नाकाच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असतो. मोजणी मिलिमीटरपर्यंत, तक्ते मोठे, भाषा भौतिकशास्त्राची. हाच माणूस पुढे १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त झाला. दिसायला याहून हार्ड सायन्स कोणतं?

तो डोलारा उतरवणाऱ्यांत दोघं मराठी होती. मालवणात जन्मलेले गो. स. घुर्ये मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख होते. १९३२ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी आकडे प्रांतवार लावून दाखवलं की नाकाचा हा नियम भारताला सरसकट लागू होत नाही. दुसऱ्या इरावती कर्वे. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे पीएच.डी.ला गेल्या. वंशशुद्धीच्या विचारांचे हे गृहस्थ, पुढे नाझींच्या वंशधोरणाला ज्यांच्या लिखाणाचा आधार मिळाला ते. इरावतीबाईंना विषय मिळाला कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकाचा. तो वंशावर अवलंबून असतो असं निघावं ही अपेक्षा. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असं लिहून दिलं. मार्गदर्शकाला हवं ते न देता, त्याच्याच संस्थेत बसून.

तिसरे बंगालचे प्रशांतचंद्र महालनोबिस, मूळचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. रिस्लेच्या आकड्यांतल्या चुका त्यांनी १९३३ मध्ये दुरुस्त करून छापल्या. दोन समूह एकमेकांपासून किती दूर आहेत हे ठरवण्याचं त्यांचं सूत्र आज जगभर त्यांच्याच नावानं ओळखलं जातं, आणि त्याचा उगम याच मानववंशशास्त्रीय मोजमापांत आहे.

आता हार्ड कोण आणि सॉफ्ट कोण? पट्टी आणि कॅलिपर रिस्लेकडेही होता. काय मोजतोय आणि त्यावरून कुठे उडी मारतोय, हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारला नाही. ‘सॉफ्ट’ विषयातल्या घुर्ये आणि इरावतीबाईंनी तो विचारला. नंतर इरावतीबाईंनीही महाराष्ट्रात भरपूर शरीरमापनं केली, त्यामुळे त्या मोजमापाच्या विरोधात होत्या असं समजू नका.

हार्ड सायन्सचे निष्कर्ष कधी चुकत नाहीत?

भरपूर चुकतात. सप्टेंबर २०११ मध्ये युरोपातल्या ऑपेरा प्रयोगानं जाहीर केलं की जिनिव्याजवळच्या सर्न या संशोधन केंद्राहून इटलीतल्या प्रयोगशाळेपर्यंत साधारण ७३० किलोमीटर गेलेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोचले. आइन्स्टाइन खोटा पडणार म्हणून जगभर मथळे झाले. काही महिन्यांत कळलं की एक ऑप्टिकल फायबरची केबल नीट खोचलेली नव्हती.

लोणारचं सरोवर बघा. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर ज्वालामुखीचं की उल्केचं यावर दीर्घकाळ वाद होता. १९७० च्या दशकात आघाताच्या प्रचंड दाबाशिवाय तयार न होणारी काच तिथे सापडली आणि उल्केचं पारडं जड झालं. पण वय? एका पद्धतीनं सुमारे ५२,००० वर्षं आलं. २०११ मध्ये आर्गॉनच्या समस्थानिकांवरून काढलं तर सुमारे ५,७०,००० वर्षं. दहापटीहून जास्त फरक, आणि विषय भूशास्त्र, म्हणजे दगड. दगडानं काही आपलं मत बदललं नव्हतं.

गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक तर भौतिकशास्त्राचं जुनं दुखणं. कॅव्हेंडिश यांनी १७९८ मध्ये यासाठीचा पहिला नेमका प्रयोग केला. आज सव्वादोनशे वर्षांनंतरही वेगवेगळ्या प्रयोगशाळांची उत्तरं चौथ्या-पाचव्या अंकाला एकमेकांशी पटत नाहीत, आणि प्रत्येक जण आपली चूक त्याहून लहान असल्याचं सांगतो. त्याच भौतिकशास्त्रात इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय गुणधर्माचं गणितानं काढलेलं मूल्य आणि मोजलेलं मूल्य दहाहून जास्त अंकांपर्यंत जुळतं. एकाच विषयाच्या दोन खोल्या आहेत या.

आणि एक कबुली. बी.एस्सी.ला असताना लंबकावरून ‘जी’ (गुरुत्वाकर्षणामुळे येणारं त्वरण) काढायच्या प्रयोगात आमच्या बॅचच्या सगळ्यांचं उत्तर ९.८ च्या आसपास आलं होतं. प्रयोगवहीत. प्रत्यक्षात काय आलं होतं ते खोडरबरालाच ठाऊक. रीडिंग ‘जुळवणं’ ही कला ज्यानं प्रॅक्टिकलची परीक्षा दिली आहे त्याला शिकवावी लागत नाही. मोठ्यांनाही ती सुटत नाही: अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांवरून काढलेला इलेक्ट्रॉनचा प्रभार किंचित कमी आला होता, कारण हवेच्या चिकटपणाचा आकडा चुकीचा धरला होता. नंतरच्या संशोधकांची उत्तरं एकदम बरोबर जागी उडी न मारता हळूहळू वर सरकत गेली. मोठ्या माणसाच्या आकड्यापासून फार लांब जायला कुणी धजत नव्हतं, असं रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ च्या भाषणात सांगितलं होतं.

मानसशास्त्राचे निम्म्याहून जास्त प्रयोग खोटे ठरले, हे खरं का?

‘खोटे ठरले’ हा शब्द जरा जड आहे. २०१५ मध्ये मोठ्या गटानं मिळून मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्राच्या दृष्टीनं दखलपात्र निष्कर्ष होता. पुन्हा केल्यावर तसा निष्कर्ष ३६ टक्क्यांत आला. इच्छाशक्ती ही वापरून संपणारी गोष्ट आहे, हा १९९८ पासून गाजलेला सिद्धांतही असाच अडचणीत आला. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी दोन हजारांहून जास्त लोकांवर तो तपासला, तेव्हा परिणाम जवळपास शून्य निघाला.

पण हसण्यापूर्वी शेजारी बघा. २०१२ मध्ये अ‍ॅमजेन या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कर्करोगावरचे ५३ महत्त्वाचे मानले गेलेले प्रयोग पुन्हा केल्याचं लिहिलं. त्यांतले ६ जुळले. हे पेशी आणि उंदरांवरचं काम, म्हणजे पांढरा कोट घालून केलेलं जीवशास्त्र. आणि २०१६ मध्ये अर्थशास्त्रातले १८ प्रयोग पुन्हा केले तेव्हा ११ जुळले.

पुराव्याचा उंबरठाही प्रत्येक घरी वेगळा. मूलकणांच्या भौतिकशास्त्रात ‘शोध लागला’ म्हणायला निव्वळ योगायोगाची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक इतकी खाली यावी लागते. २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन हा मूलकण याच अटीवर जाहीर झाला. मानसशास्त्रात वर्षानुवर्षं वीसात एक पुरायची. २०१० मध्ये दानिएले फानेल्ली यांनी वेगवेगळ्या विषयांतले शोधनिबंध तपासले. लेखकानं मांडलेलं गृहीतक बरोबर निघाल्याचं अवकाशविज्ञानात सुमारे ७० टक्के निबंध सांगत होते, मानसशास्त्र आणि मनोविकारशास्त्रात ९१ टक्क्यांहून जास्त. जो नेहमीच बरोबर असतो त्याच्याकडे जरा संशयानं बघावं, हे घरातही खरं आहे.

एक श्रेय मात्र द्यायला हवं. आपलं घर झाडून कचरा अंगणात मांडण्याचं धाडस मानसशास्त्रानं उघडपणे केलं.

हवामानशास्त्र कोणत्या बाजूला?

पुण्यात शिवाजीनगरजवळ ‘सिमला ऑफिस’ नावाचा थांबा आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, त्याची ही खूण. सिमल्याच्या काळात, १९०४ ते १९२४, खात्याचे प्रमुख होते गिल्बर्ट वॉकर. हे केंब्रिजचे गणिती. हवेची समीकरणं तेव्हाही माहीत होती, पण हातानं सोडवून मान्सूनचा अंदाज देणं अशक्य होतं. म्हणून वॉकर यांनी समाजशास्त्रज्ञ करतात तेच केलं: जगभरचे आकडे जमवून कशाचा कशाशी संबंध दिसतो ते शोधलं. प्रशांत महासागराच्या दोन टोकांना हवेचा दाब तराजूसारखा वर-खाली होतो हे त्यातूनच सापडलं. ‘का’ ते नंतरच्या पिढ्यांनी सांगितलं.

ही परंपरा पुढेही चालली. वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांचं १६ घटकांचं प्रारूप १९८८ पासून वापरात होतं आणि बरीच वर्षं त्यानं लाज राखली. २००२ मध्ये अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्के; पाऊस पडला ८१ टक्के. जुलैत तर सरासरीच्या साधारण निम्माच पाऊस झाला. पुढच्याच वर्षी प्रारूप बदललं.

म्हणजे इथे प्रत्येक थेंब भौतिकशास्त्राचे नियम तंतोतंत पाळतो, तरीही जूनमध्ये सप्टेंबरचं सांगता येत नाही. सुरुवातीचा बारीकसा फरक पुढे किती वाढतो हे एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखवलं होतं. हार्ड नियमांतून सॉफ्ट भाकितं निघू शकतात, हे मला हवामानशास्त्रानं शिकवलं. चुकल्यावर दरवर्षी सगळ्या देशासमोर उघडं पडणारं दुसरं शास्त्र माझ्या माहितीत नाही. त्यातले लोक बिचारे त्याला सरावलेले असतात.

सॉफ्ट सायन्समध्ये प्रयोग करताच येत नाहीत, मग ते विज्ञान कसं?

येतात, फक्त ते गावात करावे लागतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत प्रशिक्षित गावकरी बायकांकडून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली. तुलनेला ४७ गावं होती, जिथे ही सेवा नव्हती. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की नवजात बालमृत्यूंचं प्रमाण तुलनेतल्या गावांच्या मानानं ६२ टक्क्यांनी घटलं. जंतुसंसर्गावरचं औषध हा वैद्यकाचा भाग, पण ते सुईनं द्यायला गावातल्या बाईवर विश्वास ठेवायचा का, हा प्रश्न वैद्यकाच्या पुस्तकात नव्हता. आणि सगळ्याच्या मुळाशी एक साधं, कंटाळवाणं काम होतं: प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजणं.

राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात अर्थशास्त्रज्ञांनी लसीकरणाचा प्रयोग केला. नेहमीच्या गावांत ६ टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण झालेलं दिसलं. नियमित शिबिरं भरवली तिथे १८ टक्के. शिबिराबरोबर प्रत्येक डोसामागे किलोभर डाळ दिली तिथे ३९ टक्के. कोणत्या गावात काय, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. यात सहभागी असलेले अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर द्युफ्लो यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

अडचण पुढे येते. उदयपूरला डाळ चालली म्हणून नंदुरबारला चालेल का? लंबकाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. इथे विचारावाच लागतो, आणि उत्तरासाठी तिथल्या लोकांशी बोलत बसावं लागतं. मग बोलत बसणाऱ्याला लोक म्हणतात, ‘हे काय विज्ञान आहे?’

अर्थशास्त्राला नोबेल आहे, म्हणजे ते हार्ड झालं ना?

नाही. आल्फ्रेड नोबेल यांच्या मृत्युपत्रात अर्थशास्त्र नव्हतं. स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेनं १९६८ मध्ये ते पारितोषिक सुरू केलं. २०१३ मध्ये ते तिघांत वाटलं गेलं. त्यांतले युजीन फामा बाजार शहाणा असतो असं मानणारे आणि रॉबर्ट शिलर बाजाराला वेडाचे झटके येतात असं दाखवणारे. पृथ्वी गोल म्हणणारा आणि सपाट म्हणणारा यांना भूगोलात एकाच मंचावर बसवणार नाहीत. दोघांचंही काम मोलाचं आहे, एवढं मात्र नोंदवतो.

गणित जास्त असलं की हार्ड?

नाही. डार्विननं एकही समीकरण न लिहिता जीवशास्त्र बदललं. आणि समीकरणांनी भरलेलं अर्थशास्त्र २००८ च्या मंदीच्या तोंडावर बहुतांशी गाफील होतं.

फलज्योतिषही ‘शास्त्र’च ना? मग ते सॉफ्ट सायन्स का नाही?

‘शास्त्र’ या शब्दाच्या ऐसपैसपणाची ही किंमत. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं ‘ज्योतिर्विज्ञान’ या नावानं अभ्यासक्रम सुरू करायला मान्यता दिली, तेव्हा शास्त्राच्या जागी विज्ञान बसवून भागलं.

पण सॉफ्ट असणं आणि विज्ञान नसणं या निराळ्या गोष्टी आहेत. सॉफ्ट सायन्सला चाचणी अवघड जाते, तरी ते चाचणीला सामोरं जातं आणि हरलं तर (कुरकुरत का होईना) मत बदलतं. पुण्यात २००८ मध्ये जयंत नारळीकर यांनी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना सोबत घेऊन एक साधी चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या मिळून २०० कुंडल्या जमवल्या. ज्योतिषांना प्रत्येकी ४० देऊन विचारलं, यातली कोणती कुणाची? ५१ जणांनी कुंडल्या नेल्या, २७ जणांनी उत्तरं दिली, आणि सरासरी निम्म्यालाही पोचली नाही. नाणं उडवलं असतं तरी तेवढं जमलं असतं. एरवीच्या शास्त्रात यानंतर पाठ्यपुस्तक बदललं असतं. लक्षात घ्या, ही चाचणी भौतिकशास्त्राची नव्हती. समाजशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ रोज वापरतात तीच पद्धत होती.

दोन्हींपैकी अवघड कोणतं?

शिकायला भौतिकशास्त्र. करायला, माझ्या मते, समाजशास्त्र. जॅरेड डायमंड यांनी १९८७ मध्ये असंच लिहिलं होतं, सॉफ्ट सायन्सच बरेचदा जास्त अवघड असतात म्हणून. आणि डायमंड स्वतः शरीरक्रियाशास्त्राचे, म्हणजे पलीकडच्या पंगतीतले.

माझी मुलगी मानसशास्त्र घ्यायचं म्हणते. टक्के चांगले आहेत. वाया जातील का?

टक्के काही तूप नाहीत, वाया जायला. तिला एकच सांगा: संख्याशास्त्राला घाबरून आर्ट्सला पळत असशील तर पळू नकोस, ते तिथे आधीच येऊन बसलेलं आहे. दोन गटांतला फरक खरा की योगायोगाचा, नमुना केवढा हवा, प्रश्नावलीतला एक शब्द बदलला तर उत्तर कसं फिरतं, हे सगळं तिला करावं लागेल. सायन्सला गेलेल्या भावालाही ते करावं लागेल, फक्त त्याला ते पाचव्या सेमिस्टरपर्यंत कुणी सांगणार नाही.

इतिहास आणि पुरातत्त्व कुठे बसतात?

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून तिथे अनेक वर्षं उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची ताम्रपाषाणयुगीन वस्ती सापडली. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा रांजण निघाला आणि त्यात मांडी घालून बसवलेला एक माणूस. त्या काळच्या तिथल्या प्रौढांच्या दफनांत पावलं तोडलेली आढळतात. याची शाबूत होती.

रांजणाचा काळ कोळशातल्या कार्बनवरून काढता येतो. हाडांवरून वय आणि आहार सांगता येतो. हा भाग कुठल्याही रसायनशास्त्राइतका हार्ड. पण तो गावचा प्रमुख होता का? इतरांची पावलं का तोडत? मेलेला माणूस उठून घरी परत येऊ नये म्हणून, असं सुचवलं जातं. पटण्यासारखं आहे. रांजण तोच, माणूस तोच, फक्त दुसरा प्रश्न विचारला की हातातलं उपकरण बदलावं लागतं.